एकाच बिटरेटला एका सॉफ्टवेअरमधून व्हिडिओ फाटतो, दुसऱ्यातून नाही: तुलना करण्याआधी काय तपासावं

अंतरपाट दूर होतो, चारी बाजूंनी अक्षता पडतात, पाच-सहा फ्लॅश एकदम उडतात, आणि नेमका तिथेच व्हिडिओ फाटतो. नवरीच्या गालावर चौकोन उमटतात, मागच्या झेंडूच्या माळांचा पिवळा लगदा होतो. त्याआधीच्या मंगलाष्टका स्वच्छ, नंतरच्या पंगतीही स्वच्छ. ज्या चार सेकंदांसाठी घरच्यांनी व्हिडिओ करून घेतलेला असतो, तीच खराब.

लग्नाची कामं करणारे आम्ही बहुतेक जण यापुढे एकच गोष्ट करतो. तोच व्हिडिओ दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून काढून बघतो. तिथेही एच.२६४ (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत), तिथेही १० एमबीपीएस बिटरेट (दर सेकंदाला १० मेगाबिट), आणि तिथे अक्षता बऱ्यापैकी सुट्या दिसतात. मग ठरतं की पहिलं सॉफ्टवेअर क्वालिटी मारतं. काही वर्षांपूर्वी मीही हेच ठरवलं होतं. पुढे एका हळदीच्या व्हिडिओत उलटं झालं: दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून काढलेल्या फाइलमध्ये सावल्या काळ्याकुट्ट आल्या, पहिल्यातून काढलेलीत त्या ठीक होत्या. तेव्हा मला नीट बसून कारण शोधावं लागलं. त्यातून जे कळलं ते इथे लिहितो आहे, कारण हा प्रश्न दर लग्नसराईत नव्याने येतो आणि उत्तर म्हणून फक्त सॉफ्टवेअरची नावं मिळतात.

कॉम्प्रेस नेमकं कोण करतं

एडिटिंगचं सॉफ्टवेअर तयार फ्रेम एकामागून एक एन्कोडरच्या, म्हणजे व्हिडिओ दाबून फाइल बनवणाऱ्या भागाच्या, हाती देतं. पुढचं काम एन्कोडरचं. एच.२६४ हे मानक २००३ साली आलं. त्यात तयार फाइल कशी उलगडायची हे काटेकोर ठरवलेलं आहे. फाइल बनवताना कुठल्या चौकोनाला किती बिट द्यायचे, हलणारी वस्तू आधीच्या कुठल्या फ्रेममध्ये शोधायची, हे मात्र एन्कोडर लिहिणाऱ्यावर सोडलेलं आहे. म्हणून दोन एन्कोडर एकाच बिटरेटला वेगळं चित्र देतात. आणि एकच एन्कोडर सेटिंग बदललं की त्याहूनही वेगळं चित्र देतो.

हँडब्रेक, शॉटकट आणि केडेनलाइव्ह हे तिन्ही एच.२६४ च्या सॉफ्टवेअर एन्कोडिंगसाठी एक्स२६४ हा एन्कोडर वापरतात. शॉटकट आणि केडेनलाइव्ह तर एमएलटी या एकाच इंजिनावर उभे आहेत आणि एक्स्पोर्टसाठी दोन्ही एफएफएमपेग या व्हिडिओ रूपांतर करणाऱ्या साधनाकडे जातात. त्यामुळे 'हँडब्रेक बरं की शॉटकट' या वादात दोन्ही बाजूंना एकच एन्कोडर असतो. शॉटकटमध्ये क्वालिटी ५५ टक्के ठेवली की शेजारी सीआरएफ (क्वालिटीचा आकडा, लहान तितकी चांगली) २३ दिसतं. हँडब्रेकमध्ये त्याच मापाला आरएफ म्हणतात. दोन्हीकडे हा आकडा आणि एन्कोडरचा वेगाचा प्रिसेट सारखा केला, की चित्रात सांगण्यासारखा फरक उरत नाही. उरलाच तर तो कॉम्प्रेशनचा नसतो, दुसऱ्या कशाचा तरी असतो. तो कसा ओळखायचा ते पुढे सांगतो.

प्रीमिअर प्रोमध्ये सॉफ्टवेअर एन्कोडिंग निवडलं तर मेनकॉन्सेप्टचा एन्कोडर चालतो, हार्डवेअर निवडलं तर तुमचं ग्राफिक्स कार्ड किंवा प्रोसेसरमधला एन्कोडर. दाविंची रिझॉल्व्हमध्ये डिलिव्हर पेजवर एन्कोडरचा रकाना वेगळा असतो. मशीन आणि आवृत्तीप्रमाणे तिथे नेटिव्ह किंवा ग्राफिक्स कार्डाचा पर्याय दिसतो. अनेक जण ही जागा कधी उघडूनही बघत नाहीत. जे आपोआप निवडलेलं असतं तेच चालू राहतं, आणि ते बहुधा हार्डवेअर असतं, कारण ते झटपट उरकतं.

हार्डवेअर एन्कोडर वाईट असतात असं मी म्हणणार नाही. एनव्हिडियाच्या कार्डांमधला एनव्हेंक हा एन्कोडर २०१८ च्या ट्युरिंग पिढीपासून बराच सुधारला. इंटेलचं क्विक सिंक २०११ पासून आहे, आणि त्याचीही जुनी आणि नवी पिढी यांत मोठं अंतर आहे. म्हणून 'माझ्या मित्राकडे याच सॉफ्टवेअरमध्ये याच सेटिंगला छान येतं' हे खरं असू शकतं. मित्राचं कार्ड वेगळं असतं. सॉफ्टवेअरची तुलना करायला निघालेला माणूस नकळत दोन ग्राफिक्स कार्डांची तुलना करत असतो.

कुठल्या फाइलमागे कोण आहे ते मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या साधनात बघता येतं. एक्स२६४ आपली सही फाइलमध्ये सोडतो: आवृत्ती, सीआरएफ, किती फ्रेम पुढे बघितल्या, सगळं. ही सही नसेल तर बहुतेक वेळा दुसरा एन्कोडर असतो. दोन फाइलींची क्वालिटी जुळवायला बसण्याआधी हा एक मिनिटाचा तपास करा.

माझ्या अक्षतांच्या फाइलचं अर्धं कारण इथेच सापडलं. हार्डवेअर एन्कोडिंग चालू होतं, तेही जुन्या कार्डावर. सॉफ्टवेअर एन्कोडिंग आणि २ पास (आधी पूर्ण व्हिडिओ चाळून मग दाबणं) केल्यावर चित्र सुधारलं, पण पूर्ण नाही.

आधी मास्टर, मग तुलना

तुलनेतली सगळ्यात मोठी चूक ही: पहिल्या सॉफ्टवेअरमध्ये टाइमलाइनवरून थेट एक्स्पोर्ट करायचं, आणि दुसऱ्यात ती एक्स्पोर्ट झालेली एच.२६४ फाइल टाकून पुन्हा काढायची. दुसऱ्याच्या वाट्याला आधीच एकदा दाबलेलं चित्र येतं. याची उलट बाजूही आहे. कॅमेऱ्याची मूळ क्लिप, काही न बदलता, रिझॉल्व्हमध्ये टाकून त्याच कोडेकमध्ये (दाबायच्या पद्धतीत) काढली आणि 'बायपास री-एन्कोड व्हेन पॉसिबल' ही खूण चालू राहिली, तर ते व्हिडिओ पुन्हा कॉम्प्रेस न करता जसाच्या तसा उचलून ठेवू शकतं. मग ते सॉफ्टवेअर जिंकणारच, त्याने काम केलेलंच नसतं. प्रीमिअरमध्ये 'यूज प्रीव्ह्यूज' चालू असेल तर एडिट करताना बनलेल्या प्रीव्ह्यू फाइली अंतिम एक्स्पोर्टमध्ये वापरल्या जातात. त्या हलक्या क्वालिटीच्या असतील तर ते सॉफ्टवेअर हकनाक हरतं.

यावर उपाय म्हणजे एकच मास्टर, म्हणजे फार कमी दाबलेली एक मूळ फाइल. ४० सेकंदांचा तुकडा निवडा. मी असा घेतो: थोडा मंगलाष्टकांचा स्थिर शॉट, पूर्ण अक्षता, रात्रीच्या मंडपातला मंद प्रकाशाचा पडदा, हळदीतला एक जवळचा चेहरा, आणि वरातीतला ढोल-ताशांचा हलता शॉट. नुसत्या बोलणाऱ्या माणसावर चाचणी केली तर सगळी सॉफ्टवेअर सारखीच चांगली दिसतात. हा तुकडा प्रोरेझ ४२२ एचक्यू किंवा डीएनएक्सएचआर एचक्यूएक्स या कमी दाबणाऱ्या कोडेकमध्ये काढा, जे तुमच्याकडे मिळतं ते. १०८०पी २५ फ्रेमला प्रोरेझ ४२२ एचक्यू साधारण १८४ एमबीपीएस घेतं, म्हणजे ४० सेकंदांचे ९२० एमबी. फाइल जड वाटेल, पण चाचणीपुरतीच ठेवायची आहे. रंग, अक्षरं, ट्रान्झिशन सगळं या मास्टरमध्ये आधीच बसलेलं असू द्या.

मग ज्या ज्या सॉफ्टवेअरची तुलना करायची आहे त्या प्रत्येकात नवा, कोरा प्रोजेक्ट उघडून हाच मास्टर टाका. ज्यात एडिट केलं होतं त्यातही. जुन्या टाइमलाइनवरून काढू नका.

एक्स्पोर्ट झाल्यावर चित्र बघण्याआधी फ्रेम मोजा. ४० सेकंद गुणिले २५ म्हणजे १,००० फ्रेम. मीडियाइन्फोमध्ये १,२०० दिसल्या तर ते सॉफ्टवेअर ३० ने काढतं आहे आणि दर पाच फ्रेममागे एक जास्तीची घालतं आहे. ती तुलना तिथेच थांबवा. फोनवर शूट केलेल्या क्लिपा असतील तर हे हमखास होतं, कारण बहुतेक फोनची फ्रेमरेट स्थिर नसते. कुठे २९, कुठे ३०, अंधारात आणखी कमी. रुंदी आणि उंचीही बघा. वर-खाली काळ्या पट्ट्या ठेवून सिनेमासारखा केलेला व्हिडिओ असेल, तर हँडब्रेक त्या पट्ट्या आपोआप कापतं आणि १०८० ची उंची ८०० च्या आसपास येते. ते कापणं बंद करता येतं.

फरक काढून बघा

शेजारी-शेजारी दोन फाइली ठेवून बघण्यात डोळा फसतो. मी जी पद्धत वापरतो तिला कुठलंही नवं सॉफ्टवेअर लागत नाही. टाइमलाइनवर खाली मास्टर, वर एक्स्पोर्ट झालेली फाइल, आणि वरच्या क्लिपचा ब्लेंड मोड 'डिफरन्स'. दोन्ही फ्रेम अगदी सारख्या असतील तर पडदा पूर्ण काळा. जिथे फरक तिथे उजेड. हा उजेड फार मंद असतो, म्हणून त्यावर एक अ‍ॅडजस्टमेंट लेयर टाकून गेन, म्हणजे उजेड, बराच वाढवा.

आता जे दिसतं ते काय सांगतं हे कळलं की निम्मं काम झालं. माझे तासन् तास इथे वाचले आहेत, म्हणून यावर सविस्तर लिहितो.

सगळीकडे बारीक, वळवळणारी, धान्यासारखी खळबळ दिसली आणि हालचालीच्या जागी ती दाट झाली, तर तो खरा कॉम्प्रेशनचा फरक. अक्षता पडताना पूर्ण पडदा उजळला तर एन्कोडर तिथे कमी पडतो आहे.

स्थिर भाग काळाच राहिला आणि हलणाऱ्या माणसांच्या कडा मात्र दुहेरी, भुतासारख्या दिसल्या, तर एक फाइल एका फ्रेमने पुढे-मागे सरकली आहे. क्लिप एक फ्रेम सरकवा आणि पुन्हा बघा. क्वालिटीचा आणि याचा काही संबंध नाही.

स्थिर भागातही प्रत्येक वस्तूची कड पेन्सिलने काढल्यासारखी दिसली, मंडपाचे खांब, साडीचे काठ, सगळंच, तर चित्र लहान-मोठं करताना काहीतरी झालं आहे. ४के चं १०८० करताना हे होतं. कुणी बायलिनियरने खाली आणतं, कुणी लँक्झॉसने, आणि लँक्झॉस कडा अधिक तीक्ष्ण ठेवतो. लोक ज्याला 'या सॉफ्टवेअरचा एक्स्पोर्ट शार्प येतो' म्हणतात, त्यामागे पुष्कळदा एवढंच असतं. प्रीमिअरमधलं 'यूज मॅक्सिमम रेंडर क्वालिटी' आणि रिझॉल्व्हमधलं 'फोर्स सायझिंग टू हायेस्ट क्वालिटी' याच कामासाठी आहेत. मास्टरच १०८० चा केला की हा प्रश्न चाचणीतून बाहेर पडतो.

सावल्या आणि पांढरे भाग उजळले, मधले करडे भाग मात्र जवळजवळ काळे राहिले, तर लेव्हलची गडबड आहे. व्हिडिओत काळा १६ ला आणि पांढरा २३५ ला धरतात. संगणकाच्या चित्रांत ० आणि २५५ ला. एकाने एक धरलं आणि दुसऱ्याने दुसरं, की काळं ताणलं जातं, पांढरं ताणलं जातं, आणि ११३ च्या आसपासचा करडा जागच्या जागी राहतो. डिफरन्समध्ये म्हणूनच मधला भाग शांत दिसतो. माझ्या हळदीच्या व्हिडिओत हेच झालं होतं. नवरीच्या मावसभावाच्या फोनवरच्या काही क्लिपा पूर्ण रेंजच्या होत्या, आणि एका सॉफ्टवेअरने ती खूण वाचली नव्हती. रिझॉल्व्हमध्ये क्लिप अ‍ॅट्रिब्यूट्समध्ये जाऊन डेटा लेव्हल फुल की व्हिडिओ हे हाताने सांगता येतं. एक्स्पोर्टच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्येही हा पर्याय असतो, तिथे उगीच हात लावू नका. ऑटो ठेवा आणि गडबड क्लिपच्या जागी दुरुस्त करा.

करडं आणि पांढरं शांत, पण शालू, कुंकू, केळीची पानं अशा रंगीत जागा उजळल्या, तर रंगाचं गणित जुळत नाहीये: एकाने एचडीचं ७०९ हे रंगाचं मानक धरलं, दुसऱ्याने जुनं ६०१. हे लेव्हलच्या गडबडीपेक्षा कमी वेळा होतं, पण झालं की त्वचेचा रंग बिघडतो आणि लोक त्यालाही 'क्वालिटी गेली' म्हणतात.

मॅकवाल्यांसाठी एक गोष्ट. क्विकटाइम प्लेअरमध्ये तोच व्हिडिओ व्हीएलसीपेक्षा फिका दिसू शकतो. फाइल तीच, फक्त प्लेअर गॅमा वेगळा लावतो. एक फाइल क्विकटाइममध्ये आणि दुसरी व्हीएलसीमध्ये उघडून तुलना करू नका.

वजन समान आहे का

हे सगळं निस्तरल्यावरच खरी तुलना सुरू होते, आणि ती फाइलच्या वजनावर होते. एक्स्पोर्टच्या खिडकीत लिहिलेल्या बिटरेटवर विश्वास ठेवू नका. १० एमबीपीएस म्हणजे ४० सेकंदांना ५० एमबी. एकाने ५० दिले आणि दुसऱ्याने ६१, तर दुसऱ्याने पहिल्यापेक्षा वीस टक्क्यांहून अधिक जास्तीचे बिट वापरले आहेत. आवाज बंद करून काढा, म्हणजे त्याचं वजन मध्ये येत नाही. रिझॉल्व्हमध्ये क्वालिटी 'ऑटोमॅटिक, बेस्ट' ठेवून काढलेली फाइल प्रीमिअरच्या १० एमबीपीएसच्या फाइलशेजारी ठेवणारे मी बघितले आहेत. तिथे 'रिस्ट्रिक्ट टू' निवडून आकडा द्या.

सोपा क्रम असा: आधी एक्स२६४ ने सीआरएफवर एक फाइल काढा, तिचं वजन बघून सरासरी बिटरेट काढा, आणि तोच बाकीच्यांना २ पास व्हीबीआरमध्ये (गरजेप्रमाणे बदलणाऱ्या बिटरेटमध्ये) द्या. एक्स२६४ मध्ये सारख्याच वजनाला सीआरएफ आणि २ पास यांची क्वालिटी जवळजवळ सारखी येते, त्यामुळे यात कुणावर अन्याय होत नाही.

सीआरएफचे आकडे मात्र वेगवेगळ्या एन्कोडरांमध्ये जुळवू नका. एक्स२६४ चा मूळ आकडा २३, एच.२६५ साठीच्या एक्स२६५ चा २८, एनव्हेंकचा सीक्यू हा आकडा आणखी निराळा. ही तीन वेगळी मापं आहेत. एक्स२६४ च्या आत मात्र अंदाज बांधता येतो: आकडा ६ ने कमी केला की वजन साधारण दुप्पट होतं.

अक्षतांच्या वेळी काय होतं

व्हिडिओ कॉम्प्रेशन आधीच्या फ्रेमच्या उसनवारीवर चालतं. मंगलाष्टकांच्या वेळी गुरुजी, नवरा-नवरी, पडदा सगळं जागच्या जागी असतं, त्यामुळे नवीन फ्रेमला फार थोडं सांगावं लागतं. अक्षता पडल्या की शेकडो दाणे, प्रत्येकाची दिशा वेगळी, वेग वेगळा. एच.२६४ चं काम १६ गुणिले १६ पिक्सेलच्या चौकोनांवर चालतं. अशा एका चौकोनात चार दाणे चार दिशांना जात असतील तर उसनं घेण्यासारखं मागे काही सापडत नाही. त्यातच फ्लॅश उडतो आणि एक फ्रेम पांढरीफटक होते. तिला मागची फ्रेम उपयोगी नाही, आणि पुढच्या फ्रेमला ती उपयोगी नाही.

इथे दोन गोष्टी ठरवतात. पहिली, एन्कोडर किती पुढे बघतो. एक्स२६४ मिडियम प्रिसेटवर पुढच्या ४० फ्रेम चाळून मग बिट वाटतो; २५ फ्रेमला हे दीड सेकंदाहून जास्त झालं. दुसरी, त्याला लागेल तेव्हा खर्च करण्याची मुभा आहे का. आणि माझं उरलेलं अर्धं कारण इथे होतं. बिटरेटचं टार्गेट (सरासरी) १० आणि मॅक्सिमम १२ ठेवलेलं होतं. एन्कोडरला त्या क्षणी तिप्पट बिट हवे होते, पण १२ च्या वर जायची परवानगीच नव्हती. दोन पास करून त्याला आधीच ठाऊक झालं होतं की अक्षता येणार आहेत. तरी तो काही करू शकत नव्हता. मॅक्सिमम ३० केल्यावर फाइलचं एकूण वजन तेवढंच राहिलं, मंगलाष्टकांतून थोडं कमी झालं आणि अक्षतांना मिळालं. सीबीआर (कायम एकच बिटरेट) निवडलेलं असेल तर हे देणं-घेणं होतच नाही. सीबीआर लाइव्हसाठी ठीक आहे, पेन ड्राइव्हवर द्यायच्या व्हिडिओसाठी त्याची गरज नाही.

टीव्हीला एवढा बिटरेट झेपेल का, ही भीती मलाही होती. एच.२६४ च्या हाय प्रोफाइल, लेव्हल ४.१ ची मर्यादा ६२.५ एमबीपीएस आहे. ३० त्याच्या निम्म्यातही येतं. प्रीमिअरमध्ये २ पास निवडलं की एन्कोडिंग हार्डवेअरवरून सॉफ्टवेअरवर जातं, वेळ बराच वाढतो. रात्री लावून झोपा.

आकड्यांचं माप कुठवर घ्यावं

नेटफ्लिक्सने २०१६ मध्ये व्हीमॅफ हे क्वालिटी मोजायचं साधन खुलं केलं. मास्टर आणि एन्कोड दोन्ही दिले की ते ० ते १०० मध्ये गुण देतं, आणि एफएफएमपेगमधून ते चालवता येतं. पीएसएनआर आणि एसएसआयएम या जुन्या मापांपेक्षा ते डोळ्याच्या जास्त जवळ जातं. मी ते वापरतो, पण तीन गोष्टी सांभाळून.

पहिली, सरासरी फसवते. समजा आपल्या १,००० फ्रेमपैकी ९०० ना ९६ गुण मिळाले आणि अक्षतांच्या १०० फ्रेमना ७०. सरासरी ९३.४ येते आणि छान वाटते. अक्षता तर फाटलेल्याच आहेत. प्रत्येक फ्रेमचे गुण काढा आणि सगळ्यात खालच्या फ्रेम उघडून बघा. दुसरी, एका फ्रेमचं सरकणं किंवा लेव्हलची गडबड असेल तर गुण धाडकन खाली येतात आणि दोष एन्कोडरवर जातो. म्हणून डिफरन्सची पायरी आधी. तिसरी आमच्या कामात फार महत्त्वाची आहे: व्हीमॅफ फक्त उजेड-अंधार बघतं, रंग बघत नाही. हळदीचा पिवळा किंवा शालूचा लाल बिघडला तरी त्याला पत्ता लागत नाही. शिवाय चित्र थोडं शार्प केलं, कॉन्ट्रास्ट वाढवला की गुण फुकटचे वाढतात. हे टाळायला त्याचं नेग नावाचं वेगळं मॉडेल आहे. एखाद्या सॉफ्टवेअरचा एक्स्पोर्ट तुमच्या नकळत शार्पनिंग करत असेल तर ते वापरा.

शेवटी डोळाच. त्याच फ्रेमवर दोन फाइली एकीवर एक ठेवून उघड-झाक करा, १०० टक्के आकारात, आणि फ्रेम पीएनजीमध्येच काढा. जेपीजीने आणखी एक थर चढतो. मी फाइलींना क, ख, ग अशी नावं बहिणीकडून देऊन घेतो आणि मला कुठली काय आहे ते ठाऊक नसताना बघतो. आवडतं सॉफ्टवेअर समोर असलं की डोळा त्याच्या बाजूने झुकतो, हे मी स्वतः अनुभवलं आहे.

सॉफ्टवेअर बदलून न सुटणाऱ्या गोष्टी

लाल शालूवरची बारीक जर, किंवा काळ्यावर लाल अक्षरं, कुठल्याही सॉफ्टवेअरमधून काढली तरी कडेला पुसट होतात. या फाइलींच्या नेहमीच्या ४:२:० रचनेत रंगाची माहिती उजेडाच्या एक चतुर्थांशच साठवली जाते. नावाच्या पाटीला लाल अक्षरं असतील तर त्यांना पांढरी बारीक कड द्या, फरक लगेच दिसतो.

रात्रीच्या मंडपात एलईडीच्या प्रकाशाचे पट्टे दिसतात, ते बहुधा ८ बिटमुळे, म्हणजे रंगछटांच्या कमी पायऱ्यांमुळे. मूळ शूट १० बिट असेल तर एच.२६५ मेन १० मध्ये काढून बघा. नवे टीव्ही आणि फोन ते चालवतात. १० बिट एच.२६४ मात्र बहुतेक टीव्हींवर चालत नाही, त्या वाटेला जाऊ नका. मूळ शूटच ८ बिट असेल तर पडद्यावर थोडं बारीक ग्रेन टाकणं हा जास्त चांगला उपाय आहे, पण मग बिटरेट वाढवावा लागतो, कारण ग्रेन टिकवायला बिट लागतात.

यूट्यूब तुमची फाइल पुन्हा एन्कोड करतंच. १०८०पी साठी २४ ते ३० फ्रेमला ते ८ एमबीपीएस सुचवतात. मी त्याहून बरंच जास्त चढवतो, म्हणजे त्यांच्या एन्कोडरला स्वच्छ चित्र मिळतं. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. दोन सॉफ्टवेअरची तुलना यूट्यूबवर चढवून तर करूच नका.

पेन ड्राइव्हचं एक कारण सहसा कुणी सांगत नाही. फॅट३२ मध्ये एका फाइलला ४ जीबीची मर्यादा असते. दोन तासांचं लग्न त्यात बसवायचं तर सरासरी साडेचार एमबीपीएसच्या आसपास उरते, आणि मग कुठलाही एन्कोडर अक्षता वाचवू शकत नाही. पेन ड्राइव्ह एक्सफॅट करा. टीव्ही जुना असेल आणि ते वाचत नसेल तर फाइलचे विधीप्रमाणे तीन-चार भाग करा.

सध्या माझं सेटिंग असं आहे: एडिटिंग सॉफ्टवेअरमधून प्रोरेझ मास्टर, तिथून हँडब्रेकमध्ये एक्स२६४, आरएफ १८, प्रिसेट स्लो, फ्रेमरेट स्थिर आणि मूळइतकीच, कापणं बंद. ज्यांच्याकडे मास्टर ठेवायला जागा नाही त्यांनी आहे त्याच सॉफ्टवेअरमध्ये हार्डवेअर एन्कोडिंग बंद करून, २ पास, मॅक्सिमम हे टार्गेटच्या अडीच-तीनपट ठेवून बघावं. बहुतेकांची अडचण तेवढ्यावर भागते.

त्या पहिल्या लग्नाची फाइल मी अशीच पुन्हा काढली आणि नवा पेन ड्राइव्ह घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या टीव्हीवर 'डायनॅमिक कॉन्ट्रास्ट' आणि शार्पनेस दोन्ही शेवटपर्यंत वाढवलेले होते. ते खाली आणले, आणि मग अक्षता लावल्या. काकूंनी तेवढा भाग तीनदा मागे घेऊन बघितला.